पाण्यातली अंडी

१

रामीबाई राठोड तळ्यावर पोचली तेव्हा सारा पळसकुंड तांडा तिच्या आधीच तिथं जमला होता, आणि तळं पांढरं दिसत होतं. कटला, रोहू, मिरगल, हातभर लांबीचे मासे पोटं वर करून काठाला लागले होते. दोन पावसाळे तिनं ते वाढवले होते. आज त्यातला एकही मोठा मासा हलत नव्हता.

तिला रडू आलं. पण ज्या माणसांनी दोन वर्षं तिच्या शेतीला ‘कालवाकालव’ म्हणून दात काढले, त्यांच्यासमोर रडायची तिची अजिबात तयारी नव्हती. तिनं पदर खोचला आणि गर्दीत शिरली.

शेत अडीच एकराचं. मधोमध तळं, तळ्याच्या पाळीवर केळी आणि वांगी, पाण्यावर खांब रोवून बांधलेलं बदकांचं खुराडं, बाजूला बकऱ्यांचा आणि गाईचा गोठा, आणि भोवती तूर-ज्वारी. बकऱ्यांच्या लेंड्या आणि बदकांची घाण तळ्याला, तळ्यातलं गाळाचं पाणी वांग्यांना, वांग्यांची पानं बकऱ्यांना. सगळं एकात एक कालवलेलं, काही वाया जायचं नाही. कपाशी नव्हती आणि म्हणून फवारणीही नव्हती. महागाव ते उमरखेड सारा मुलूख कपाशी-सोयाबीनचा, त्यात ही बाई अशी. तांड्याच्या डोळ्यावर यायला एवढं पुरे होतं.

तळं खोदलं तेव्हाच भांडण झालं होतं, कारण अर्धं तळं पुतण्या शामच्या वाट्याच्या जमिनीत होतं. तांड्याचा प्रमुख रामलाल नाईक यानं निवाडा दिला होता: दोन पावसाळे पाहू. श्रावणातला तीजचा सण संपला की बघायचं. जमलं तर तळं रामीबाईचं, फसलं तर बुजवायचं आणि शामनं तिथं कपाशी लावायची. तीज उद्या संपत होती.

पाळीवर दोघा जणांनी संघर्ष भगतला धरून ठेवलं होतं. शेजारच्या गावच्या बौद्ध वस्तीतला हा तिशीतला माणूस. पुण्याची कंपनी सोडून आला होता, मत्स्यशेतीचं शिकून आला होता, आणि रामीबाईचा भागीदार होता. कमरेपर्यंत चिखलानं भरला होता आणि हातात अजून बांबू होता.

"काकी, पाह्य!" शाम ओरडला. त्याच्या हातात औषधाचा रिकामा डबा होता. कपाशीवर मारायचं जहर, पण सारा जिल्हा त्याला औषधच म्हणतो. "हा पहाटे बांबूनं पाणी ढवळून राह्यला होता. मी सोताच्या डोयानं पाह्यलं. आन् हे इथं पाळीवर सापडलं."

"संघर्ष, काय झालं बाबू?" रामीबाईनं विचारलं.

संघर्षनं तिच्याकडं नाही, गर्दीकडं पाहिलं. "मी एक शब्द सांगणार नाई. यायनं मले पाण्यातून वढलं, कालर धरली, तवा विचारलं काय कोनी? तुमचं ठरलं आहे ना? मंग पुरावा तुमी आना. मी हात जोडणार नाई."

रामलाल नाईकानं घसा साफ केला. वय झालेला, भला, पण घोळक्याच्या कलानं चालणारा माणूस. "रामीबाई, जहर असो का तुही कालवाकालव असो, तळं तं फसलंच. आता बुजवा लागन. पन जेसीबी कुठून आनता? सध्या दोन-दोन दिवस भेटत नाई."

"थे मी पाह्यतो," शाम म्हणाला. "बारापर्यंत येते."

"मंग बारापर्यंत तळं माहं आहे," रामीबाई म्हणाली. "त्याच्या आंधी कोनी एक टोपली माती टाकली, तं मी पाळीवर आडवी पडन. मले उचलायले दुसरा जेसीबी आना."

२

गर्दी पांगली. संघर्षला सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर नेऊन बसवलं. तळ्यावर रामीबाई आणि तिचा नवरा अमरसिंग उरले. अमरसिंग मऊ स्वभावाचा माणूस, भांडण म्हटलं की तो मान खाली घालायचा.

"जाऊ दे वं," तो म्हणाला. "नाई जमलं म्हनू. कपाशी लावतीन लोकं, आपनही लावू."

"तुमी बकऱ्या सोडा," ती म्हणाली, आणि साडी वर खोचून पाण्यात उतरली.

तिनं आधी एक मेलेला कटला उचलला. तोंड वासलेलं, कल्ले उघडे. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, सगळ्यांची तीच तऱ्हा. मग टोपलीनं काठाचं उथळ पाणी उपसलं. टोपलीत झिंगे उड्या मारायला लागले. याच मोसमात सोडलेली बोटभर पिल्लं वळवळत होती, पाणकिडे पळत होते.

रामीबाई टोपली धरून तशीच उभी राहिली. कपाशीचं औषध पाण्यात पडलं की आधी काय मरतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. नाल्यात पंप धुतलेला तिनं जन्मभर पाहिला होता. आधी किडे मरतात, झिंगे मरतात, बारकी पिल्लं मरतात. इथं उलटं झालं होतं. मोठे गेले आणि बारके राहिले.

"अवं," अमरसिंग गोठ्याकडून ओरडला, "आज बदकं लवकर सोडली का तू?"

तिनं वर पाहिलं. बदकं तळ्यात मजेत फिरत होती. खुराड्याचं दार सताड उघडं होतं.

"मी नाई सोडली. तुमी?"

"मी तं आताच आलो."

बदकं सकाळी नऊच्या आत सोडायची नाहीत, हा त्या शेताचा पक्का नेम होता. बदक पहाटे अंडी घालतं. लवकर सोडलं तर पाण्यातच घालून मोकळं होतं. रामीबाई खुराड्यात वाकली. पेंढ्यावर एकही अंडं नव्हतं. मग ती काठाकाठानं चालली, आणि चिखलात, लव्हाळ्यात, घोटाभर पाण्यात तिला अंडी दिसायला लागली. एकूण अकरा.

कोणीतरी पहाटेच्या अंधारात खुराडं उघडलं होतं. जहर टाकायला आलेला माणूस बदकं कशाला सोडेल?

३

मंदिराच्या ओट्यावर संघर्ष ताठ बसला होता. नाईक आणि चार-पाच माणसं बाजूला बिडी ओढत होती. रामीबाई त्याच्यासमोर बसली आणि ओच्यातून एक चिखलानं भरलेलं अंडं काढून त्याच्यापुढं ठेवलं.

"मी तुले काही विचारत नाई," ती म्हणाली. "मीच सांगतो, तू आयक. तीन दिवसांपासून आभाळ भरून होतं. ढगात तळ्याची हवा कमी होते, हे तूच आमाले शिकवलं. म्हनून तू पहाटे पाहाले आला. मासे वर येऊन तोंड वासत होते, बराबर? तू मले फोन लावला, मोबाईलवर दिसते. मी तीजची गानी म्हनून मेल्यावानी झोपली होती. मंग तू बदकं सोडली, की थे पाय मारतीन, पानी हालंल. तरी भागलं नाई म्हनून बांबू घेऊन सोता उतरला. जहर असतं तं झिंगे-पिल्लं आंधी मेले असते; हवा कमी पडली म्हनून मोठेच गेले. हे अंडं खोटं बोलत नाई."

संघर्षचा इतका वेळ दगड झालेला चेहरा हलला. त्यानं दुसरीकडं तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले.

"दोन घंटे मारत होतो बांबू, मावशी," तो म्हणाला. "हे पोट्टे मले वढून नेत होते, तवाही काही मासे जित्ते होते. अजून अर्धा घंटा भेटला असता तं उजेड पडला असता, पाण्यात हवा आली असती. वाचले असते."

बिडी ओढणाऱ्यांपैकी दोघांनी माना खाली घातल्या. रामीबाईला वाटलं जिंकलो. तेवढ्यात रामलाल नाईक उठला.

"म्हंजे जहर नाई," तो सावकाश म्हणाला. "पोरगा निर्दोष, मान्य. पन मंग मासे घुसमटून मेले. म्हंजे तुह्या शेणानं, लेंड्यानं, बदकाच्या घाणीनंच मेले. लोकं म्हनत होते थेच खरं ठरलं, बाई. जेसीबी येऊ दे."

तिनं संघर्षला सोडवलं होतं आणि त्याच पुराव्यानं स्वतःचं तळं बुडवलं होतं. दहा वाजले होते.

४

"नुसत्या ढगानं एवढं होत नाई," वाटेत संघर्ष म्हणाला. "तीन दिवस आपन तळ्यात लेंडी टाकली नाई, बदकं बी अर्धा दिवसच सोडली. काल संध्याकाळी कोनीतरी तळ्याले लय खाऊ घातलं. सडनारं, आंबनारं काहीतरी. रातभर थे सडत राह्यलं आन् पाण्यातली हवा खात राह्यलं."

"ढगाळीत तळ्याले काही टाकाचं नाई, हे कोनाले माहीत?"

"तांड्याले सांगतलं होतं ना आपन, त्या बायायच्या बैठकीत. ज्याले कान आहेत त्याले माहीत."

काल संध्याकाळी सारा तांडा नाईकाच्या अंगणात होता. पोरींच्या टोपल्यांतले तीजचे गहू वीतभर वाढले होते, त्यांच्याभोवती गाणी चालली होती. शेताकडं कोणी फिरकलं नव्हतं. रामीबाईनं संघर्षला लेंडीखताचा ढीग बघायला पाठवलं आणि स्वतः शामच्या अंगणात गेली.

दीर वारला तेव्हा शाम सात वर्षांचा होता. तिच्याच ताटात जेवला, तिच्याच हातचा मार खाल्ला. आता तो फवारणीचं काम घ्यायचा. पंप त्याचे, माणसं त्याची. ज्या वर्षी जिल्ह्यात फवारणीनं माणसं दगावली, त्या वर्षी तोही यवतमाळला आठ दिवस दवाखान्यात होता, आणि उशाशी रामीबाई बसली होती.

"बस काकी." त्यानं खाट झटकली. "वाईट झालं. पन मी म्हनत होतो ना, हे कालवणं चालत नाई."

"म्हंजे कालवण्यानं मेले?"

"मंग काय!"

"सकाळी तं म्हनला, संघर्षनं जहर टाकलं."

शाम गडबडला. "थे... डबा सापडला म्हनून म्हनलं."

"एकाच माशाले दोन मरणं काहून देतं, शाम? एक कोनतं तरी ठरव."

तिनं बोलता बोलता पाण्याच्या कॅनचं झाकण काढलं, पेलाभर पाणी प्यायली आणि झाकण तसंच बाजूला ठेवलं. शामनं ते उचललं, कॅनवर बसवलं आणि गच्च फिरवलं. त्याचं लक्षही नव्हतं.

"काल संध्याकाळी कुठं होता?"

"तीजेत. जमनीले विचार."

जमनी शेजारच्याच घरची. तळं पाहून तिलाही तळ्याची हौस आली होती आणि तिच्यासारख्या आणखी चार बाया आज काय होतं याची वाट बघत होत्या. ती कुडावरून म्हणाली, "आलता ना वं. पन आरती झाल्यावर आलता. पँट गुडघ्यालोक वली होती, मी म्हनलंही, कुठं पडला काय रे."

"पंप धुतले," शाम म्हणाला.

रामीबाई उठून शेताकडं निघाली.

५

लेंडीखताचा ढीग जसाच्या तसा होता. वरची पावसानं बसलेली साय मोडलेली नव्हती. शेणाचा उकिरडाही तसाच. संघर्षनं हात झाडले.

"कुठूनच काही गेलं नाई, मावशी. बाहेरून गाडी आनली असती तं चिखलात चाकोरी दिसली असती."

रामीबाई पाळीवर बसली. समोर केळीच्या सावलीत जीवामृताचे पाच निळे ड्रम ओळीनं उभे होते. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात कालवून चार दिवस आंबवायचं आणि मग वांग्यांना सोडायचं. ड्रमांना खाली तोट्या होत्या, तोटीला पाईप. पाईप वांग्यांकडं जायचा. ड्रम भरलेले होते. ती त्यांच्याकडं पाहत राहिली, आणि तिला कळेना की त्यात खुपतंय काय.

मग कळलं. ड्रमांवर झाकणं होती.

"संघर्ष, झाकणं तू लावली?"

"मी कायले लावीन? थे आंबते, फुगते. त्याले हवा लागते. आपन ओलं पोतं टाकतो ना." तो थांबला. पाचही पोती घडी करून केळीच्या बुंध्याशी ठेवलेली होती.

झाकणं इतकी गच्च होती की संघर्षला दोन्ही हात लावावे लागले. चार दिवसांचं जीवामृत बंद केलं तर झाकण उघडताना फुस्स आवाज येतो. आवाज आला नाही. आंबट वास आला नाही, फेस नव्हता. वर ताजं शेण तरंगत होतं आणि खाली नुसतं पाणी होतं. पाचही ड्रम तसेच.

"पाच ड्रम," संघर्ष पुटपुटला. "गूळ, बेसन, सगळं. पाईप उलटा फिरवून तळ्यात सोडलं आन् ड्रम पाण्यानं भरून ठेवले. ढगाळीत रातभर. मासे कसे जगतीन?"

रामीबाईनं ओच्यातून तो औषधाचा डबा काढला. नाईकाकडून मागून घेतला होता. रिकामा डबा, जहर ओतून घाईघाईत टाकून दिलेला म्हणे. त्याचंही झाकण गच्च बसवलेलं होतं.

तिनं ते झाकण बोटानं चाचपलं, आणि तिला शाम आठवला. दवाखान्यातून परत आणल्यावर त्याला खाटेवर निजवून तिनंच त्याच्याकडून शपथ घेतली होती. डबा असो, ड्रम असो, रिकामा असो का भरलेला, झाकण लावल्याशिवाय जागचं हलायचं नाही. घरात लेकरं आहेत. त्या दिवसापासून त्यानं ती शपथ एकदाही मोडली नव्हती. काल संध्याकाळीही नाही.

संतापानं डबा मुठीत आवळून ती उठली. पलीकडून जेसीबीचा आवाज यायला लागला होता.

६

बाराच्या आधीच जेसीबी पाळीशी येऊन उभा राहिला. तांडा पुन्हा जमला. रामीबाईनं नाईकाचा हात धरून त्याला ड्रमांजवळ आणलं.

"नाईक, हुंगा. जीवामृताचा वास येते का?"

नाईकानं वाकून हुंगलं, हात घातला. "हे तं शेणाचं पानी आहे."

"जीवामृत तळ्यात गेलं. माह्या शेतीनं मासे मारले नाई. माह्या शेतीचा नेम मोडून कोनीतरी मासे मारले. ढगाळीत काही टाकाचं नाई, हे त्याले माहीत होतं, म्हनून त्यानं ढगाळी पाहूनच टाकलं. म्हंजे सकाळी लोकं म्हनतीन, घ्या, कालवाकालवीनं घात केला. पन पहाटे आपलं काम पाहाले आला तं इथं संघर्ष मासे वाचवून राह्यला होता. संघर्ष वाचवीन तं सगळंच फिसकटन. म्हनून जहर-जहर वरडला आन् घरचा रिकामा डबा आनून टाकला." तिनं डबा वर धरला. "जहर टाकनारा पयताना झाकण फिरवत बसते काय? हे झाकण आन् थे पाच झाकणं एकाच हाताचे आहेत."

शामचा चेहरा पडला होता, तरी तो म्हणाला, "झाकण कोनीही लावते. त्याच्यावरून माणूस ठरते काय?"

"नाई ठरत," रामीबाई म्हणाली आणि जेसीबीकडं वळली. "बबलू, तुले कधी फोन आला रे?"

बबलू ड्रायव्हर वरून वाकला. त्याला खालचं काहीच माहीत नव्हतं. "काल दुपारी. शामभाऊ म्हनले, उद्या बारा वाजता तळं बुजवाचं आहे."

काल दुपारी मासे जिवंत होते. हे सगळ्यांच्या डोक्यात एकदमच उतरलं. नाईकानं शामकडं पाहिलं तसा शाम मटकन पाळीवर बसला.

"मंग मी काय करू?" तो ओरडला, आणि आवाज फाटला. "औंदा जमनीनं फवारणी सांगतली नाई. कांताबाईनं सांगतली नाई. सगळ्या तुह्यावानी तळं खोदतो म्हनतात. माहे पंप धूळ खात आहेत. तू मले वाढवलं आन् तूच माह्या पोटावर उठली, काकी!"

"थेच पंप तुह्या छातीवर बसले होते, तवा तुले पाठीवर घेऊन कोन धावलं?" रामीबाईचे डोळे भरले, आणि यावेळी तिनं ते लपवले नाहीत. "तुह्यावर राग नाई माहा, असं समजू नको. लय राग आहे. झाकण लावाचं तेवढं ध्यानात ठेवलं तू, आन् काहून लावाचं, थे विसरला. जीव जाऊ नये म्हनून लावाचं होतं रे."

नाईक दंडाची भाषा बोलायला लागला. रामीबाईनं हात वर केला.

"दंड नको. हा माणूस द्या मले. तळं अर्धं याच्या जमिनीत आहे, मंग कामही अर्धं याचं. ढगाळ पहाटे बांबू घेऊन पाण्यात उतराचं. आन् त्याच्या आंधी संघर्षची माफी, इथं, सगळ्यायसमोर."

शाम उठला. संघर्षसमोर उभा राहिला आणि हात जोडायला लागला. ज्या दोघांनी सकाळी कॉलर धरली होती तेही पुढं आले.

"माफीचं मंग पाहू," संघर्ष म्हणाला आणि बांबू शामच्या हातात कोंबला. "पिल्लं जित्ते आहेत अजून. आभाळ निवळलं नाई. चाल."

मेलेले मासे खड्ड्यात टाकून वर माती लोटायची, पुढच्या सालच्या केळीला ते खत होईल, असं रामीबाईनं अमरसिंगला सांगितलं. अमरसिंगनं मान हलवली आणि नाईकाच्या डोळ्याला डोळा देऊन फावडं उचललं. तसं त्यानं आजवर कधी केलं नव्हतं.

शाम ड्रमांपाशी थांबला होता. सवयीनं त्यानं पायाशी पडलेलं झाकण उचललं, रामीबाईकडं पाहिलं, झाकण खाली ठेवलं आणि घडी केलेलं पोतं उलगडून ड्रमावर पसरलं.

"माह्या गाडीचं काय?" बबलूनं विचारलं. "मी रिकामा वापस जाऊ काय?"

रामीबाई बायांच्या घोळक्याकडं वळली. जमनी सगळ्यांत पुढं उभी होती.

"जमने, नाल्याकाठचा तुहा तुकडा पडीतच आहे ना?"

"आहे वं, मावशी."

"बबलू, गाडी तिकडं घे. बुजवाले आलता ना, आता खोदून जा."

जेसीबी जागच्या जागी वळला. जमनी चपला हातात घेऊन त्याच्यापुढं वाट दाखवत पळाली, आणि तिच्यामागं बाकीच्या बाया निघाल्या.